हिवाळ्यात गिनी घराजवळ ठेवायच्या तर: नव्यानं पाळणाऱ्यांसाठी

गिनी फाऊलच्या दोन-चार जोड्या आणायच्या, दोन दिवस डालग्याखाली झाकायच्या आणि तिसऱ्या दिवशी देशी कोंबड्यांसोबत आंगणात सोडायच्या, असं आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत बरेच जण करतात. त्या संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात येतात, गिनी येत नाहीत. रात्रभर त्या कुणाच्या तरी धुऱ्यावरच्या बाभळीवर बसलेल्या असतात. सकाळी एखादी कमी निघते, आठवड्याभरात सगळ्याच जातात आणि "रानमांजरानं नेल्या" म्हणून विषय संपतो.

रानमांजराचा त्यात दोष थोडाच आहे. गिनी हा मूळचा आफ्रिकेतला, कळपानं फिरणारा आणि झाडावर रात्र काढणारा पक्षी. कोंबडीसारखं घराचं वळण त्याच्या रक्तात नाही, ते लावावं लागतं. दाणा कुठं मिळतो, कोणत्या वेळी मिळतो आणि रात्री उजेड कुठं असतो, या तीन गोष्टी त्याच्या डोक्यात पक्क्या बसल्या की तो रोज परत येतो. या लेखात बाकी बरंच आहे, पण जीव आहे तो या संध्याकाळच्या वळणात.

हिवाळाच का

कारण हिवाळ्यात गिनीला आपली गरज असते. पावसाळ्यात वावरात नाकतोडे, अळ्या, वाळवी, गवताचं बी, सगळं फुकट मिळतं. पोट भरलेली गिनी तुमच्या दाण्याकडे ढुंकून बघत नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं, किडे कमी होतात, दिवस लहान होतो. संध्याकाळी तिला भूक असते आणि अंधार लवकर पडतो. शिवाय या काळात अंडी बंद असतात. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये जोड्या लागल्या आणि मादी अंड्यासाठी आडोसा शोधायला लागली, की नवीन वळण लावणं फार अवघड जातं. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात पक्षी आणावेत, म्हणजे जानेवारीपर्यंत ते घरचे होतात.

कोणते पक्षी घ्यावे

नव्या माणसानं हिवाळ्यात एक-दोन दिवसांची पिल्लं आणू नयेत. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करत न्यावी लागते. खेड्यात रात्री लाईट गेली की बल्ब गेला आणि सकाळी कोपऱ्यात एकावर एक चढून मेलेली पिल्लं सापडतात. ओल त्यांना अजिबात सोसत नाही. पिल्लांचं काम उन्हाळ्याच्या तोंडाशी करावं. आता अडीच-तीन महिन्यांचे, अंगावर पूर्ण पिसं आलेले पक्षी घ्या. वर्षभराचे मोठे पक्षी स्वस्तात मिळाले तरी टाळा. त्यांचं जुनं घर त्यांच्या डोक्यातून लवकर जात नाही.

सहापेक्षा कमी घेऊ नका. गिनी एकटी राहिली की दिवसभर ओरडते आणि सोबत शोधत गाव पालथं घालते. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. लहान वयात नर-मादी ओळखणं कठीण, पण दोन-तीन महिन्यांनंतर आवाजावरून कळतं: मादी दोन तुकड्यांत, मधे खटका देऊन ओरडते, नर एकाच सुराची 'चि-चि-चि' लावतो. घाबरल्यावर मादीसुद्धा एकसुरी ओरडते, म्हणून निवांत असताना ऐका. दोन तुकड्यांचा आवाज आला तर ती मादीच. मोठेपणी नराच्या गालाखालचे लोंबते कल्ले मोठे आणि जाड दिसतात.

बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे वाण दिले आहेत. कादंबरी म्हणजे राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली. माझं मत विचाराल तर मोकळ्यावर सोडायला तीच बरी. पांढरी श्वेतांबरी दिसायला देखणी, पण चांदण्या रात्री झाडावर बसली की घुबडाला लांबून दिसते.

बाजारात कुणी "तितर आहे" म्हणून रानातला पक्षी दाखवला तर हात लावू नका. रानतितर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. गिनी पाळीव आहे, तिला ती अडचण नाही.

घर

पक्षी आणण्याआधी घर तयार हवं. आधी पक्षी, मग बांबूची शोधाशोध, असं केलं की कोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याच्या आडोशाला ते आठ दिवस राहतात आणि तेच त्यांचं घर होऊन बसतं.

जागा घराच्या किंवा कोठ्याच्या भिंतीला लागून निवडा, पहाटेचं ऊन पडेल अशी. सुरुवातीला पक्षी दीड-दोन महिने आतच राहणार, म्हणून एका पक्ष्यामागे किमान तीन-चार चौरस फूट जागा धरा. दहा पक्ष्यांना आठ फूट बाय पाच फूट. पुढे रोज बाहेर सोडायला लागल्यावर तेवढ्यात आणखी पाच-सहा मावतात. उंची माणूस उभा राहील इतकी ठेवा, कारण गिनी घाबरली की सरळ वर उडते आणि बुटक्या खुराड्यात डोकं फोडून घेते.

भिंतींना तुराट्यांचा कूड चालतो, शेणामातीनं लिंपलेला. पण कुडाच्या आतून, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारा आणि ती जमिनीत फूटभर गाडा. कोंबड्यांची नेहमीची षटकोनी जाळी मुंगसाला आणि कुत्र्याला फार वेळ थांबवत नाही. खर्चात कुठं हात आखडायचा असेल तर छपरात आखडा, खालच्या जाळीत नको.

आत बसायला आडवे बांबू किंवा बाभळीच्या सोललेल्या फांद्या लावा, तीन ते पाच फूट उंचीवर, एका पक्ष्याला आठ-दहा इंच. सगळे बांबू एकाच उंचीवर असू द्या, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी. गिनीला उंच बसायला मिळालं की झाडाची ओढ अर्धी कमी होते. जमिनीवर झोपायला लावलंत तर ती बाहेरच्या कडुनिंबाकडेच बघत राहणार.

खाली तीन-चार इंच धानाचा कोंडा किंवा सोयाबीनचं कोरडं कुटार टाका. भंडारा-गोंदियाकडे कोंडा गिरणीवर सहज मिळतो, वऱ्हाडात कुटार घरचंच असतं. ओलं झालं की तेवढं उचलून उकिरड्यावर. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर समजा, वारा खेळत नाहीये.

पहिले सहा ते आठ आठवडे: दार बंद

इथंच नव्या माणसाचा धीर सुटतो. पक्षी आत कोंडलेले बघवत नाहीत, शेजारी हसतात, ओरडणं वेगळंच. तरी सहा आठवड्यांच्या आत दार उघडू नका. आठ झाले तर उत्तम.

पक्षी आणायचे ते संध्याकाळी. पाय धरून उलटे लोंबकळत आणू नका. गिनीचे पाय नाजूक असतात, सांधा निखळतो आणि मग तो पक्षी कायमचा लंगडा. दोन्ही पंख अंगाला दाबून धरावेत, नाहीतर मासे धरायच्या जाळीनं. भोकं पाडलेल्या खोक्यातून आणून अंधार पडता पडता आत सोडा. रात्रभर गप्प बसतात, सकाळी उठल्यावर पहिलं जे दिसतं ते हेच घर.

आता वळण. एक पत्र्याचा डबा घ्या, त्यात मूठभर ज्वारी. रोज संध्याकाळी सूर्य बुडायच्या पाऊण तास आधी डबा खडखडवायचा आणि लगेच आत दाणा टाकायचा. आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पावणेपाचला डबा. जानेवारीअखेर दिवस वाढेल तशी वेळ थोडी पुढे सरकवा. डबा वाजवणारा माणूस शक्यतो एकच असावा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. ती वेळ चुकवत नाहीत, आणि आजीच्या हाकेला गिनी जेवढी धावते तेवढी मालकाच्या हाकेला नाही, हे मी अनेक घरी पाहिलं आहे.

सकाळचं खाणं बेताचं, संध्याकाळचं पोटभर. मोठ्या पक्ष्याला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम खाद्य लागतं. त्यातला मोठा भाग संध्याकाळी द्या.

दिवा

गिनीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही आणि अंधाऱ्या जागेत ती पाय टाकत नाही. संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी उभं राहून बघा. कळप धावत येतो, दारापाशी एकदम थांबतो. पुढची गिनी मान लांब करून आत डोकावते, एक पाय उचलते, तसाच ठेवते. मग वळून खुराड्याला एक फेरी मारते आणि बाकीच्या तिच्यामागे. पुन्हा दार, पुन्हा मान, पुन्हा फेरी. बाहेर अजून उजेड आहे आणि आत काळोख, म्हणून ही घालमेल. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की एखादी फडफडून छपरावर जाते, तिथून चिंचेवर, आणि दोन मिनिटांत सगळा कळप वर. आता आत एक दिवा लावा. तीच पुढची गिनी दारात येते, आतल्या बांबूकडे बघते आणि शिरते. बाकीच्या रांगेनं आत.

पाच ते नऊ वॅटचा एलईडी पुरे. लाईटचा भरवसा नसेल तर छोटा सोलर दिवा घ्या, रॉकेलचा कंदील नको. तुराट्या, कुटार आणि कोरडी हवा, ठिणगी पडली तर खुराडं आणि कोठा दोन्ही जातील. सगळ्या बांबूवर बसल्या की दिवा बंद केला तरी चालतो, पण आधी मोजा. रोज मोजा. मोजणी दाण्याच्या वेळी नाही होत, सगळ्या धावत असतात. बांबूवर बसल्या की नीट होते.

पहिल्यांदा सोडताना

सगळ्या एकदम सोडायच्या नाहीत. दहा असतील तर आधी दोन-तीनच, त्याही संध्याकाळी, दाण्याच्या तासभर आधी आणि उपाशी पोटी. बाकीच्या आत ओरडत राहतात, त्या ओरडण्याला बाहेरच्या बांधलेल्या असतात, लांब जात नाहीत. डबा वाजला की आत. चार-पाच दिवस हे नीट जमलं की आणखी दोन-तीन, आणि असं करत पंधरा-वीस दिवसांत सगळा कळप. मग वेळ वाढवा: तासाचे दोन, दोनाचे चार. पुढे सकाळी सोडून संध्याकाळी आत, असा रोजचा क्रम लागतो.

एक गंमत लक्षात ठेवा, कारण सुरुवातीला यानं डोकं फिरतं. गिनीला दार सापडत नाही. जाळीच्या पलीकडे दाणा दिसतोय, दार तीन फुटांवर उघडं आहे, आणि ही जाळीला छाती घासत इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागे धावू नका. धावलात की ती उडणार. जाळीपासून दहा पावलं मागं सरकून, दोन्ही हात पसरून किंवा लांब काठी आडवी धरून, सावकाश दाराच्या दिशेनं चालत न्या. गिनी हाकता येते, पकडता येत नाही. ढोरं वळणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही.

पंख कापावे का, हा प्रश्न हमखास येतो. एका पंखाची लांब पिसं कापली की उडणं बंद होतं, ती झडून नवी येईपर्यंत. चारही बाजूंनी भिंत असलेल्या वाड्यात ठीक आहे. पण वावरात राहणाऱ्यांनी कापू नयेत. कुत्रा मागे लागला तर तिच्याजवळ तेवढाच एक उपाय असतो.

आणि झाडावर बसलीच तर? दगड मारू नका, रात्री बॅटरी घेऊन झाड हलवू नका. घाबरून उडालेली गिनी अंधारात कुठंही पडते आणि सकाळपर्यंत पडल्या जागीच राहते, मग तिला कुणीही खातं. पूर्ण अंधार पडायच्या आत लांब बांबूनं हळूच ढोसून खाली आणता आली तर आणा. खालच्या फांदीवर असेल तर अंधार झाल्यावर हातानं उचलता येते, कारण तिला दिसत नाही. नाहीच जमलं तर ती रात्र सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी दाणा अर्धा तास आधी टाका. लागोपाठ दोन रात्री बाहेर काढल्या तर सगळा कळप पुन्हा आठवडाभर आत कोंडायचा. इथं दया दाखवली की झाडाची सवय पक्की होते.

थंडी

मोठी गिनी थंडीला घाबरत नाही, ओल आणि झोत यांना घाबरते. विदर्भाचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. गोंदियाकडे तर दर हिवाळ्यात गारठा जास्तच. अशा रात्री उत्तरेचा वारा अडवायचा. त्या बाजूला पोती शिवून पडदा लावा किंवा कडब्याच्या पेंढ्या उभ्या करा. दक्षिणेची बाजू आणि छपराखालची वीतभर फट मोकळी राहू द्या. थंडी लागते म्हणून खुराडं ताडपत्रीनं चारही बाजूंनी गुंडाळणारे लोक आहेत. सकाळी आतून वाफ आणि विष्ठेचा भपकारा येतो आणि पक्षी शिंकायला लागतात. आत शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं तर मुळीच नको. बंद जागेतला धूर माणसालाही सोडत नाही.

सकाळी दार उघडायची घाई करू नका. दव वाळू द्या, साडेआठ-नऊ वाजू द्या. ओल्या गवतातून फिरलेली गिनी छातीपर्यंत भिजते. सकाळचं पाणी विहिरीचं ताजं, म्हणजे कोमट असतं. रात्रीचं शिळं गार पाणी ओतून टाका. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस किंवा गारपिटीचा अंदाज आला तर त्या दिवशी कळप आतच.

दाण्यात ज्वारी मुख्य, त्यात गव्हाचं गाळण, तांदळाची कणी, तुरीची चुरी. थंडीत किडे मिळत नाहीत म्हणून डाळीचा भाग थोडा वाढवा. कच्चं सोयाबीन देऊ नका, ते पचत नाही. भाजून किंवा ढेपेच्या रूपात चालतं. सरकी नको. बुरशी आलेला मका, भुईमुगाची जुनी ढेप, भिजून काळी पडलेली ज्वारी, हे जनावरांना घालतात म्हणून पक्ष्यांना टाकू नका, त्यातलं बुरशीचं विष यकृत खातं. मेथी-पालकाच्या काड्या, लसूणघास टांगून ठेवा, टोचत बसतात. वाळू आणि चुनखडीचे बारीक खडे एका टोपल्यात कायम असू द्या.

वावरातलं विष

घुबडापेक्षा आणि मांजरापेक्षा मला जास्त भीती याची वाटते.

हिवाळ्यात हरभरा आणि गहू पेरले जातात, आणि पेरणीचं बी आता बहुतेक जण औषध चोळूनच पेरतात. ते गुलाबी, लाल, हिरवट दाणे मातीवर सांडलेले असतात, धुऱ्यावर, तिफणीच्या वळणावर. गिनी ते वेचून खाते. तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीची फवारणीही याच दिवसांत, कपाशीवरही काही जणांची चालूच. फवारलेल्या तुरीत मरून पडलेल्या अळ्या गिनीनं खाल्ल्या की विष तिच्या पोटात. आणि गव्हाच्या धुऱ्यावर उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या तर कणकेच्याच असतात.

उपाय एकच: आजूबाजूच्या चार वावरांत कोण कधी पेरतो, कधी फवारतो हे विचारून ठेवायचं आणि ते दिवस कळप बंद. आपल्या पेरणीत सांडलेलं बी झाडूनं गोळा करून पुरायचं. हे विचारणं तसंही कामाचं असतं, कारण शेजाऱ्याशी बोलणं दुसऱ्या कारणानं होणारच असतं: "काहून गा भाऊ, तुमच्या त्या कोंबड्या माह्या हरभऱ्यात काय करून राह्यल्या?" गिनी कोंबडीसारखं उकरत नाही हे खरं, पण उगवतं कोवळं कोंब टोचते आणि फेब्रुवारीत गव्हाच्या ओंब्या भरल्या की त्याही सोडत नाही. उगवणीचे दोन-तीन आठवडे आणि दाणा भरायचे दिवस, एवढं सांभाळलं तर भांडण होत नाही. आंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग असेल तर त्यावर कापड टाका. गिनी त्यावर बसते, घाण करते, आणि व्यापारी तेवढंच निमित्त करून भाव पाडतो.

खाणारे

दिवसा शिकरा आणि भटकी कुत्री, रात्री रानमांजर, घुबड, कोल्हा. मुंगूस बहुतेक दिवसाच येतं. जंगलाला लागून गाव असेल तर बिबट धरूनच चाला, आणि मग खुराडं घराच्या भिंतीलाच हवं. हरभऱ्या-गव्हाच्या पाण्यासाठी रात्रीची लाईट असते तेव्हा घरची माणसं वावरात आणि कुत्रा त्यांच्यामागे, घराजवळ कुणी नसतं. त्या रात्री कडी स्वतः बघून जा. मांजर साधी कडी पंजानं उघडतं, खिळा अडकवा.

गिनी राखण करते हे अगदी खरं. अनोळखी माणूस, कुत्रा, साप काहीही दिसलं की सगळा कळप एका सुरात कल्ला करतो. पण "गिनी पाळली म्हणजे साप येत नाही" एवढ्या भरवशावर कुणी आणू नये. ती साप दाखवते, लहानसा असेल तर घेरून टोचतेही, पण रात्री तिला दिसत नाही आणि आपल्याकडचा मण्यार तर रात्रीच फिरतो.

आजार

थंडीत मानमोडी, म्हणजे राणीखेत, येते. गिनी कोंबडीपेक्षा काटक, पण तिलाही होते. देशी कोंबड्यांसोबत ठेवणार असाल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून सगळ्यांना एकदम लस द्या. नवीन आणलेले पक्षी जुन्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यानं.

बर्ड फ्लूचा विषय हिवाळ्यात दरवर्षी निघतो. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आला होता. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात बाहेरचे बदकं-पाणपक्षी उतरतात. तलावाकाठी घर असेल तर गिनींना पाणी घरीच ठेवा, तलावावर जाऊ देऊ नका. एकदम दोन-चार पक्षी मेले, किंवा गावात कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेला पक्षी उकिरड्यावर फेकू नका, कापूनही बघू नका. दवाखान्यात कळवा.

फेब्रुवारी लागला की

उन्हं तापायला लागली की नर एकमेकांच्या मागे धावतात, जोड्या कळपातून सुटून दुपारी गायब होतात. वळण बिघडलं असं वाटून घाबरू नका. संध्याकाळच्या डब्याला त्या येतात. मात्र आता सकाळी दार उशिरा उघडा, अकरा-बारापर्यंत आत ठेवा, म्हणजे बरीच अंडी खुराड्यातच पडतील. आत एका कोपऱ्यात तुराट्या तिरप्या टेकवून आडोसा करा आणि त्याखाली तणीस. उघड्या पेटीत गिनी अंडं घालत नाही.

तरी एखादी बाहेर घालतेच. पऱ्हाट्यांच्या ढिगात, कुंपणाच्या बोरीखाली, कडब्याच्या गंजीमागे. नर बाहेर एका जागी नुसताच उभा राहून इकडेतिकडे बघत असेल तर मादी तिथंच जवळपास बसलेली आहे, हे ओळखावं. ती उठून गेल्यावरच जा. अंडी सापडली तर सगळी उचलू नका, नाहीतर ती जागा बदलेल आणि पुन्हा शोधावं लागेल. तीन-चार तिथंच राहू द्या, त्यांच्यावर पेन्सिलीनं खूण करा, आणि रोज बिनखुणेची तेवढी घेऊन या.